बाळाची हिरवी प्युरी आणि जास्तीचे पाणी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उष्टावण झाले की पंधरवड्याच्या आत घरात बाळासाठी म्हणून पालकाची जुडी येते. मोबाइलवर फिरणारी कृती तयारच असते : पालक धुवा, दोन वाट्या पाण्यात उकळा, त्याच पाण्यासकट मिक्सरमधून काढा, गाळा, बाटलीत भरा. दिसायला हिरवेगार, घशाखाली सुळकन उतरणारे, आणि बाळाच्या वाढीच्या हिशेबाने जवळजवळ पोकळ. हिरव्या भाजीची प्युरी बिघडते ती बहुतेक वेळा पाण्याने, एवढे एकच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. धुण्याचे पाणी, उकळण्याचे पाणी, पातळ करण्याचे पाणी, फ्रीजमधून काढल्यावर सुटणारे पाणी, या प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे आणि ती कळली की बाकीचे काम कोणत्याही मराठी स्वयंपाकघराला अवघड नाही.

आधी हिशेब. बाळाच्या जठरात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावते. साडेसात किलोचे बाळ असेल तर सव्वादोनशे मिलिलिटर. अंगावर पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी मिळायला हव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आता नुसत्या दुधीची प्युरी घ्या. १०० ग्रॅमला जेमतेम १५ किलोकॅलरी. पालकाची पंचवीसच्या आसपास. त्यात पाणी घातले की तेही निम्म्यावर येते. बाळाचे पोट भरते, ते तृप्त दिसते, पुढच्या वेळी दूधही कमी ओढते आणि महिनाअखेर वजनाचा काटा जागच्या जागी. मग दोष येतो पालकावर, नाहीतर आईच्या दुधावर.

म्हणून हिरवी प्युरी डाळ-भातात कालवायची. तांदूळ २० ग्रॅम आणि सोललेली मूगडाळ २० ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी दीड सपाट मोठा चमचा (मोठा म्हणजे १५ मिलिलिटरचा, छोटा म्हणजे ५ मिलिलिटरचा). कुकरच्या लहान डब्यात १८० मिलिलिटर पाण्यात चार शिट्ट्या. वाफ आपोआप गेल्यावर रवीने घोटायचे. त्यात ५० ग्रॅम पालकाची घट्ट प्युरी आणि वरून एक छोटा चमचा साजूक तूप. सगळे मिळून पावणेतीनशे ग्रॅमच्या आतले हे अन्न दोनशे किलोकॅलरींच्या जवळ जाते. सात-आठ महिन्यांच्या बाळाची ही दोन जेवणे झाली. तुपाच्या एका छोट्या चमच्यातून ४५ किलोकॅलरी येतात आणि पालेभाजीतले कॅरोटीन, जीवनसत्त्व ‘के’ ही स्निग्धांशाशिवाय नीट शोषलीच जात नाहीत. ‘बाळाला तूप जड पडेल’ म्हणून पालक कोरडा देणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

सुरुवात १८० दिवस पूर्ण झाल्यावर. मान सावरलेली हवी, आधाराने बसता यायला हवे, चमचा ओठाला लागल्यावर जिभेने बाहेर ढकलण्याची सवय मोडत आलेली हवी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय कसे मोजायचे ते त्याच्या डॉक्टरांनाच विचारावे. चौथ्या महिन्यात ‘नुसते पालकाचे पाणी’ चाटवण्याची जी घाई होते, तिला आमचा विरोध पचनापेक्षा वेगळ्या कारणासाठी आहे.

ते कारण नायट्रेट. पालेभाज्या जमिनीतून नायट्रेट ओढून साठवतात, पात्यापेक्षा देठात जास्त. जिवाणूंच्या आणि भाजीतल्याच विकरांच्या (एन्झाइमांच्या) क्रियेने त्याचे नायट्राइट होते. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यापासून रोखते आणि अगदी लहान बाळ ओठ-नखांशी निळसर पडू शकते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी केलेली पालक, बीट, गाजर, फरसबी यांची प्युरी देऊ नये, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ साली स्पष्ट केले ते याचसाठी. सहा महिन्यांनंतर धोका पुष्कळ उतरतो, पण शिस्त सोडू नये : पालक दिवसातून एकदाच आणि बाळाला आव किंवा जुलाब लागले असतील तर ते थांबेपर्यंत अजिबात नको. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये नेमका हाच इशारा दिला होता.

इथे आपल्याकडची एक गोष्ट जोडावी लागते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड या जिल्ह्यांच्या भूजलात नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे प्रमाण मोठे आहे. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. असे बोअरचे पाणी उकळले की जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटेल तसे ते उलट दाट होते. त्या पाण्यात पालक उकळून तेच पाणी बाळाला पाजणे म्हणजे दोन्हीकडचे नायट्रेट एका वाटीत आणणे. नळयोजनेचे तपासलेले किंवा आरओचे पाणी मिळत असेल तर बाळाच्या डब्यासाठी तेवढे तरी वेगळे ठेवावे.

आता भाजी. पहिल्या आठवड्यासाठी पालेभाजीपेक्षा दुधी बरा. त्याला उग्र वास नाही, धागा नाही, आणि बियांचा गाभा काढला की लोण्यासारखा होतो. देठ हिरवे, साल नखाने सहज टोचली जाईल असा कोवळा फूटभराचा दुधी घ्यावा. चिरल्यावर दोन्ही टोकांचा एकेक कच्चा तुकडा मोठ्या माणसाने जिभेला लावून पाहायचाच. किंचित कडू लागला तरी अख्खा दुधी फेकायचा, शिजवून कडूपणा जात नाही. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली होती, इतके ते विष जहाल असते. दोडका, घोसाळे, पडवळ यांनाही हाच नियम.

दुधीचे दीड सेंटिमीटरचे चौकोन, दीडशे ग्रॅम. मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात चाळणी ठेवून बारा मिनिटे वाफ. सुरी लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. दुधी स्वतःच इतके पाणी सोडतो की मिक्सरमध्ये थेंबभरही घालायची गरज नसते. उलट वाफवलेल्या फोडी पाच मिनिटे चाळणीत निथळत ठेवाव्यात. निथळले नाही तर प्युरी ताटलीत घातल्यावर कडेने पाण्याचे कुंडले दिसते, आणि ते दिसले की समजावे, डाळ किंवा शिजवलेला भात घालून दाट करायची आहे.

पालक, माठ आणि चाकवत यांची गोष्ट उलटी. सगळ्या भाज्या वाफवाव्यात, उकळू नयेत, पाण्यात सत्त्व जाते, हा सल्ला साधारणपणे बरोबर आहे. पण या तिघांत ऑक्झलेट भरपूर असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते, शरीराला घेऊ देत नाही. त्यातले विरघळणारे ऑक्झलेट आणि बरेचसे नायट्रेट पाण्यात उतरते. म्हणून या भाज्या भरपूर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे टाकून ते पाणी ओतून द्यायचे. क जीवनसत्त्व आणि फोलेट थोडे जाते, ते जाऊ द्यावे. मेथी, मटार, फरसबी, कोबी मात्र वाफेवरच. आणि हो, ‘पालकाचे पाणी’ किंवा गाळलेले पालक सूप म्हणून बाळाला जे पाजले जाते, ते हेच ओतून देण्याजोगे पाणी असते. खाली चाळणीत राहिलेला चोथा मात्र मोठ्यांच्या पराठ्यात जातो.

धुण्याबद्दल थोडे. जुडीची गाठ सोडल्याशिवाय धुण्याला अर्थ नाही, कारण माती मुळाशी आणि देठाच्या बेचक्यात असते. मुळे आणि जाड देठ कापून फक्त पाने घ्यायची. मोठ्या पातेल्यात पाणी भरून पाने बुडवायची, हलवायची, दोन मिनिटे थांबायचे आणि पाने हातांनी वर उचलून दुसऱ्या भांड्यात घ्यायची. पातेले चाळणीवर उपडे केले तर तळाला बसलेली रेती परत पानांवर येते आणि मग प्युरीत कचकच लागते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत, म्हणजे साधारण तीन पाणी. पावसाळ्यात पहिल्या पाण्यात मीठ टाकले की अळ्या सुटून वर येतात. त्या दिवसांत पाला मळकट, पाणथळ आणि किडका मिळतो, तेव्हा दोन महिने फळभाज्यांवर काढले तरी बाळाचे काही बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष पालक. १०० ग्रॅम निवडलेली पाने, म्हणजे चार भरगच्च मुठी. दीड लिटर पाणी खळखळ उकळल्यावर पाने टाकायची, झाकण नाही. तीन मिनिटांनी झाऱ्याने काढून गार, उकळून निववलेल्या पाण्यात अर्धा मिनिट, मग दोन तळहातांत हलके दाबून पाणी काढायचे. पिळून काष्ठ करू नये. चटणीच्या लहान भांड्यात वाटले की चार-पाच मोठे चमचे गोळा होतो. मिक्सरच्या पात्याला एवढे थोडे धरत नाही, पाला भिंतीला चिकटून बसतो, आणि इथेच पाण्याचा मोह होतो. पाण्याऐवजी दोन चमचे शिजलेली मूगडाळ घालावी, गोळा फिरू लागतो. गरम पाला भरून झाकण घट्ट लावू नये, आतल्या वाफेने ते उडते. पाच मिनिटे निवू द्यावे, थांबून थांबून फिरवावे.

मिक्सरचे भांडे ही एक वेगळीच अडचण. घरात चटणीचे भांडे एकच असते, त्यात सकाळी लसूण-मिरची वाटलेली असते. भांडे घासले तरी झाकणाच्या रबरी रिंगेत आणि पात्याच्या खाली तिखट राहते. बाळ पालक थुंकते तेव्हा अनेकदा ते मिरची थुंकत असते. रिंग काढून गरम पाण्यात साबणाने धुवावी, भांड्यात पाणी घालून एकदा फिरवावे, आणि प्युरी बाळाच्या आधी आपण चाखावी. जमले तर एक लहान भांडे बाळापुरते बाजूला ठेवावे.

रंगाची काळजी करणाऱ्यांसाठी. झाकण ठेवून शिजवले किंवा कुकरला लावले की भाजीतली आम्ले वाफेबरोबर बाहेर जात नाहीत, ती हरितद्रव्यातले मॅग्नेशियम काढून घेतात आणि हिरवा रंग शेवाळी होतो. चवीला थोडा फरक पडतो, बाळाला अपाय काही नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घालून रंग टिकवण्याची युक्ती हॉटेलात ठीक. सोड्याने पाला चिकट होतो, थायमिन आणि क जीवनसत्त्व नष्ट होते आणि बाळाच्या पोटात नको तितके सोडियम जाते. मीठही वर्षाच्या आत नको, साखर-गूळ दोन वर्षांपर्यंत टाळावा, आणि मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी बाळाला बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

मटाराला आमची विशेष शिफारस. प्रथिने जास्त, गोडसर चव, आणि १०० ग्रॅमला ऐंशीच्या आसपास किलोकॅलरी, म्हणजे दुधीच्या पाचपट. किलोभर शेंगांतून चारशे ग्रॅमच्या आसपास दाणे निघतात. कोवळे दाणे दहा मिनिटे वाफवायचे. जून, पिठूळ दाण्यांना पंधरा मिनिटेही कमी पडतात. अडचण सालीची. मिक्सर ती बारीक करतो पण संपवत नाही, टाळूला चिकटून बाळाला ओकारी येते. यावर घराघरांत पडून असलेला उपाय म्हणजे पुरणयंत्र. बारीक भोकांची जाळी लावून गरम मटार फिरवले की गर खाली आणि साली वर. मिक्सर लागतच नाही, पाणीही नाही. गार झाल्यावर तोच गर घट्ट बसतो, म्हणून फिरवायचे ते गरम असतानाच. गोठवलेले मटार कारखान्यात फक्त उकळत्या पाण्यातून काढलेले असतात, तेव्हा तेही पूर्ण शिजवायचे. अख्खा मटारदाणा मात्र बाळाच्या हाती लागू देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकण्याच्याच मापाचा असतो.

फरसबीच्या दोन्ही कडांचे दोर काढावेत, पंधरा मिनिटे वाफवावे आणि तीही पुरणयंत्रातूनच काढावी. शेवग्याचा पाला कोवळ्या शेंड्याचा, डहाळीची बारीक काडीसुद्धा नको. मूठभर पाने डाळीतच शिजवून घोटावीत, नुसती प्युरी तुरट आणि चोथट लागते. मेथी कडू आहे म्हणून टाळण्याची गरज नाही, पण ती एक भाग आणि दुधी किंवा मटार तीन भाग असे मिसळावे. अंबाडी, चुका यांची आंबट चव आणि ऑक्झलेट पाहता वर्षभर त्यांना सुट्टी द्यावी. शेपूचे मत घरातल्या मोठ्यांमध्येच दुभंगलेले असते, तेव्हा त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

दाटपणा तपासायची सोपी रीत : चमचा तिरपा केला तर प्युरी हळूच घसरावी, धार लागू नये. ताटलीत घातलेला ढीग बसता कामा नये. अगदी पहिल्या चार-पाच दिवसांत थोडी पातळ चालेल, तेव्हा उकळलेल्या पाण्याऐवजी आईचे काढलेले दूध एक-दोन चमचे मिसळावे. ते वाढायच्या क्षणी. आईच्या दुधात आणि बाळाच्या लाळेत पिष्टमय पदार्थ विरघळवणारे विकर असते, त्यामुळे भात घातलेली प्युरी दूध मिसळून ठेवली किंवा उष्टा चमचा वाटीत परत परत बुडवला की पंधरा-वीस मिनिटांत तिचे पाणी होते. ‘सकाळी घट्ट होती, आता कशी पातळ झाली’ याचे हे उत्तर. म्हणून वाढायचे तेवढेच छोट्या वाटीत काढावे, उरलेले उष्टे टाकून द्यावे. बाटलीत किंवा बोंडल्यात प्युरी भरणे तर पूर्ण चूक, कारण ती त्यातून उतरावी म्हणून पुन्हा पाणीच घालावे लागते, शिवाय अरुंद तोंड नीट घासले जात नाही. वाटी-चमचा पुरे.

प्रमाण सुरुवातीला एका वेळी दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोनदा. आठवा महिना संपेपर्यंत २५० मिलिलिटरच्या वाटीच्या निम्म्यापर्यंत, दोन ते तीन वेळा. अंगावरचे दूध चालूच. नवी भाजी आणली की दोन-तीन दिवस तीच, म्हणजे अंगावर पुरळ किंवा जुलाब झाले तर कारण ओळखता येते. शी हिरवी झाली, तिच्यात पाल्याचे कण दिसले, तर घाबरू नये.

आता पालक आणि रक्त. ‘रक्त वाढावे म्हणून पालक’ हे वाक्य घराघरांत पक्के बसले आहे. १०० ग्रॅम कच्च्या पालकात लोह तीन मिलिग्रॅमच्या आसपास असते, त्यातलेही थोडेच शोषले जाते. बाळ खाते ५० ग्रॅम. लिंबाचे चार थेंब पिळले तर शोषण वाढते. ते आचेवरून उतरवून, कोमट झाल्यावर पिळावेत, उकळत्यात पिळले तर क जीवनसत्त्व उडून जाते. ओठांभोवती लालसर पुरळ आले तर लिंबू काही दिवस थांबवावे. पण लोहासाठी भरवसा ठेवावा तो डाळी, नाचणी, अंड्याचा बलक, आणि खाणाऱ्यांच्या घरी नीट काटे काढलेले मासे, कलेजी यांवर. आणि अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह-फोलिक आम्लाचे सिरप मिळते, एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह. आशाताईंनी दिलेली ती बाटली ‘आम्ही पालक देतो’ म्हणून फडताळात ठेवून देणाऱ्यांनी वरचा हिशेब पुन्हा पाहावा.

साठवणीत सर्वाधिक चुका होतात, विशेषतः दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरांत. वाटलेला पालक ओट्यावर राहिला की नायट्राइट वाढते आणि जंतूही. केल्यापासून दोन तासांच्या आत, आणि उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रीजमध्ये गेला पाहिजे. पसरट स्टीलच्या डब्यात अर्धा-पाऊण इंच थर देऊन, म्हणजे मध्यापर्यंत पटकन गार होतो. उंच डब्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. फ्रीजमध्ये पालेभाजीची प्युरी चोवीस तास, दुधी-मटाराची फार तर दोन दिवस.

गोठवायची असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये. एका खाचेत किती मावते ते चमच्याने एकदा मोजून ठेवावे, ट्रेनुसार १५ ते ३० मिलिलिटर असते. गोठल्यावर वड्या काढून झाकणाच्या डब्यात, वर भाजीचे नाव आणि तारीख. उणे १८ अंशांच्या स्वतंत्र फ्रीजरमध्ये महिनाभर ठीक. एका दाराच्या जुन्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तितका गार राहत नाही, तिथे आठवडाच. भारनियमनात वड्या सुटल्या असतील तर पुन्हा गोठवू नयेत. ते ओळखायला डब्यात एक साधा बर्फाचा खडा वाटीत ठेवावा, त्याचा आकार बदलला की समजले. वडी बाहेर काढून ओट्यावर वितळवू नये, सरळ वाफेवर ठेवावी. पूर्ण वाफाळेपर्यंत एकदाच गरम करायची आणि मग कोमट करून द्यायची. गोठवलेल्या दुधीच्या वडीतून पाणी सुटते, ते वरच्या वर ओतून द्यावे. मायक्रोवेव्हमध्ये प्युरी कुठे गार तर कुठे चटका देणारी निघते, म्हणून नीट ढवळून मनगटावर तपासल्याशिवाय भरवू नये.

बाळाने तोंड वाकडे केले म्हणजे भाजी नावडली असे होत नाही. कडसर चवीला ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. जर्मनीत २००७ साली झालेल्या एका अभ्यासात नावडत्या भाजीची प्युरी एक दिवसाआड आठ वेळा दिल्यावर बहुतेक बाळे ती आवडीने खाऊ लागली. आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी पालकात सफरचंद किंवा केळे मिसळले जाते. बाळ खाते, पण पालकाची चव शिकत नाही. बाजारातल्या पाऊचमध्येही हेच असते. समोर पालकाचे चित्र, मागच्या घटकांच्या यादीत पहिला सफरचंदाचा गर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे, तेव्हा यादीतला पहिला शब्द वाचला तरी पुरते.

शेवटचा मुद्दा गुळगुळीतपणाचा. आठव्या महिन्यात मिक्सर मागे पडायला हवा. भाजी काट्याने किंवा वाटीच्या बुडाने ठेचावी, नवव्या महिन्यात बोटांनी सहज चेपतील अशा मऊ गुठळ्या राहू द्याव्यात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात नऊ महिन्यांनंतरच गुठळ्या चाखलेली मुले सातव्या वर्षीही भाज्या-फळे कमी खाताना आणि जेवताना जास्त कुरकुर करताना आढळली. वर्षाच्या बाळासाठीही सगळे गाळून देणाऱ्या घरांची संख्या कमी नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आणि तोपर्यंत वेगळी प्युरी करण्याचे कारणही उरत नाही. मराठवाडा-विदर्भात पालेभाजी डाळीबरोबर शिजवून घोटून जे गरगटे करतात, ते दहाव्या महिन्याच्या बाळाला हवे तेवढ्याच दाटीचे असते. पाला उकळून पाणी ओतावे, डाळ-पाला घोटावा आणि मीठ-तिखट, शेंगदाणे, फोडणी पडण्याआधी बाळाची अर्धी वाटी बाजूला काढावी. तिच्यात तूप घालावे, आणि उरलेल्या पातेल्यावर लसणाची फोडणी द्यावी.

आपल्या,
बालआहार विषयाच्या दोन शिक्षिका, नाशिक